गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच तपासा

संपादक महोदय,

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यातल्या पिकअप गाड्यांना विश्रांती उरत नाही आणि त्याच दिवसांत ‘क्लच प्लेट गेली’ हे शब्द आमच्या भागातल्या गॅरेजांसमोर वारंवार कानी पडतात. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक मोटर व्हेईकल या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून मी नोकरी केली. निवृत्तीनंतरही ओळखीचे चालक-मालक गाडी, किंवा निदान तिचे काढलेले जुने भाग, दाखवायला माझ्याकडे येतात. ते पाहून एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. क्लचच्या कामात पैसा वाया जातो तो निदान न करता गिअरबॉक्स उतरवल्यामुळे, आणि एकदा उतरवल्यावर काम अर्धवट ठेवून तो पुन्हा चढवल्यामुळे.

क्लच प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसून इंजिनाची ताकद पुढे पोचवते, म्हणून ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण प्लेट खरोखर झिजली आहे का, हे गाडी न खोलता बऱ्याच खात्रीने सांगता येते. भरलेली गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे असे समजावे. सोबत जळका उग्र वास येत असेल आणि क्लचचे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी उचलत असेल, तर शंकेला फारशी जागा राहत नाही. रिकाम्या गाडीत हा दोष लपतो, म्हणून मेकॅनिकने रिकामी गाडी गॅरेजसमोरच्या रस्त्यावर फिरवून दिलेला निर्वाळा पुरेसा मानू नये. सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक पूर्ण ओढून, तिसरा किंवा चौथा गिअर टाकून पेडल बेताने सोडले, तर सुस्थितीतल्या क्लचने इंजिन बंद पडायला हवे. ते चालूच राहिले तर क्लच पकड धरत नाही. ही परीक्षा एकदाच करावी, कारण पुन्हा पुन्हा केल्यास चांगली प्लेटही तापून खराब होते.

मात्र क्लच घसरतो म्हणजे प्लेट संपलीच, असेही नाही, आणि नेमके इथेच घाई होते. पेडलला सुरुवातीचा थोडा मोकळा प्ले असावा लागतो. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसतसा हा प्ले कमी होतो, आणि तो अजिबात उरला नाही की पेडलवर पाय नसतानाही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटवर, म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागच्या जड चाकावर) दाबून धरणाऱ्या भागावर, रेटून राहते आणि पकड ढिली पडते. अशा वेळी पान्याने केबलचा नट फिरवून प्ले परत दिल्यावर गाडी पूर्ववत ओढू लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचा पुशरॉड चुकीचा बसवला असेल, तर तोच परिणाम होतो. गिअर अडकत पडणे, पहिला किंवा रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येणे, ही तर झिजेपेक्षा क्लच पूर्ण न सुटण्याची लक्षणे आहेत. तिथे क्लचच्या ऑइलची पातळी, गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरची गळती, लाइनमधली हवा किंवा ताणलेली केबल आधी पाहायला हवी. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो; न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना आवाज येऊन दाबताच तो थांबत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून ताकद घेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो आणि नवी प्लेट टाकून तो जाणार नाही. या साऱ्या तपासणीला फार वेळ लागत नाही, आणि महागडे यंत्रही लागत नाही.

एक उदाहरण देतो. एका पिकअप मालकाने एकाच हंगामात दोनदा प्लेट बदलून घेतली होती आणि तिसऱ्यांदा गाडी घसरू लागल्यावर तो आधीच्या दोन्ही प्लेट गोणीत घालून माझ्याकडे आला. लायनिंग, म्हणजे प्लेटवर रिव्हेटने बसवलेला घर्षणाचा थर, रिव्हेटच्या माथ्यापासून चांगले वर होते, म्हणजे झीज नगण्य होती. पण त्याचा पृष्ठभाग काळा, काचेसारखा गुळगुळीत झाला होता, आणि नखाने खरवडल्यावर नखाखाली तेलकट काजळी जमली. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गळत होते. दोन्ही वेळा गिअरबॉक्स खाली होता, फ्लायव्हील डोळ्यांसमोर होते, तरी ते सील कोणी बदलले नाही. त्या सीलची किंमत एका प्लेटच्या किमतीपुढे किरकोळ असते. त्या मालकाचे दोन वेळचे मजुरीचे पैसे गेले आणि भर हंगामातली भाडी बुडाली. ज्याच्या घरचा हप्ता त्याच गाडीवर फिटतो, त्याला हा फटका केवढा बसतो हे सांगायला नको.

क्लचच्या मजुरीत मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो, प्लेट बदलण्याचा नव्हे. त्यामुळे गिअरबॉक्स खाली आहे तोवर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच बदलणेच हिताचे आहे. जुन्या प्लेटवर नवे लायनर (लायनिंग) रिव्हेट करून भागवण्याची पद्धत अजून आढळते. हलक्या वापराच्या गाडीत ते एकवेळ चालेल. पण शेतातल्या चिखलातून भरलेले क्रेट घेऊन रिव्हर्समध्ये बाहेर पडणाऱ्या, किंवा परतीच्या भाड्याचा माल घेऊन माळशेज चढणाऱ्या गाडीला मी तो सल्ला कधीही देणार नाही. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या असतात, प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटे बेअरिंगने घासलेली असतात, आणि नवे लायनर हे दोन्ही दोष दुरुस्त करू शकत नाही. लायनिंग रिव्हेटच्या माथ्यापासून सुमारे ०.३ मिमीपर्यंत उतरले की प्लेटचे आयुष्य संपले, असा सर्वसाधारण दंडक आहे; त्यापुढे रिव्हेट फ्लायव्हीलला चरे पाडू लागतात आणि खर्च वाढतो.

प्रत्यक्ष कामातले बारकावेही इथे नोंदवतो, कारण मालकाने गॅरेजमध्ये उभे राहून ते पाहावेत असे मला वाटते. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडण्यापूर्वी फ्लँजवर खूण करावी, म्हणजे तो होता त्याच जागी परत बसतो. गिअरबॉक्स जॅकवर पेलून सरळ मागे ओढावा व तसाच सरळ बसवावा. त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लटकू दिल्यास नव्या प्लेटचा मधला हब वाकतो आणि क्लच पहिल्या दिवसापासून नीट सुटत नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग, तडे किंवा चरे आहेत का ते पुसून पाहावे आणि आवश्यक असल्यास ते उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत लेथवर साफ करून घ्यावे. निळ्या डागांवर तशीच नवी प्लेट चढवली तर गाडी उचलताना थरथर राहते. इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बेअरिंग हाताने फिरवून पाहावे. नव्या प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा तिच्यावरच छापलेली असते, ती वाचावी. प्लेट मध्यभागी आणण्यासाठी डमी शाफ्ट वापरावा, नजरेच्या अंदाजावर सोडू नये. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत आणि शेवटी टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) लावावा. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस लावायचे ते अगदी पुसट, कारण जादा ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जाते. बेलहाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या कवचातली) काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय तर ताबडतोब थांबली पाहिजे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस हे घातक खनिज असू शकते आणि ती धूळ शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ पोराच्या फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसले की काम होते.

चालकांकडेही थोडे बोट दाखवायला हवे. चढावर गाडी हँडब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर तोलून धरणे, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणे, चालताना पाय सतत पेडलवर टेकवून ठेवणे आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे यांनी उत्तम बसवलेला क्लचही अकाली संपतो. नवा क्लच बसल्यानंतर काहीशे किलोमीटर तरी गाडी सांभाळून चालवावी.

शेवटचा मुद्दा बिलाचा. दिलेल्या सेवेचे बिल वा पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. गाडी धंद्याची आहे म्हणून आपण ग्राहक नाही, असा समज अनेक चालक-मालकांत आहे. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या व स्वतः वापरलेल्या वस्तूचा वापर हा कायदा व्यापारी हेतू मानत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तरीही तक्रारीची वेळच येऊ नये, असे काम बहुतेक मेकॅनिकांच्या हातून होऊ शकते, कारण त्यांच्या हातात कसब आहे. कमी पडते ती नोंद. म्हणून माझी गॅरेजचालकांच्या संघटनांना विनंती आहे की, क्लचच्या कामासाठी एका पानाचा छापील मराठी नमुना त्यांनी सदस्यांना द्यावा. त्यात पेडलचा प्ले, चढावरची चाचणी, सिलिंडर किंवा केबलची स्थिती, क्रँकशाफ्टचे मागचे आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे अशी दोन्ही ऑइल सील, तसेच फ्लायव्हील यांची नोंद असावी, बदललेल्या भागांची नावे असावीत, आणि जुने भाग परत मिळाल्याची मालकाची सही असावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हंगामापूर्वी स्थानिक मेकॅनिकांसाठी या एकाच विषयाचा छोटा वर्ग घेतला, तर तिथे विनामूल्य शिकवायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
ता. जुन्नर, जि. पुणे