ताई, मुंबईला जायच्या आधी एवढं वाचा

ताई, तुम्ही आपलं लोकल चॅनल सोडून मुंबईला मोठ्या न्यूज चॅनलमध्ये चाललाय हे कळल्यापासून आमच्या घरात तोच विषय आहे. सगळ्यात जास्त वाईट मामंजींना वाटलंय आणि आनंदही त्यांनाच जास्त झालाय. समोर उभं राहून मला एवढं बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

2019 चा ऑगस्ट. कृष्णा तासातासाला चढत होती आणि आख्खी सांगली आयर्विन पुलाच्या आकड्याकडं डोळे लावून बसलेली. 40 फूट इशारा, 45 धोका, हे इथं लहान पोरांना पण पाठ असतं. पण आमच्या गल्लीचा खरा हिशेब 2005 चा. त्या साली पाणी भिंतीवर जिथवर आलं तिथं खूण केलेली, आणि मामंजींचं एकच म्हणणं, त्या खुणेच्या वर पाणी येत नसतं, सामान माळ्यावर टाका आणि गप बसा. निम्मी गल्ली हेच बोलत होती. तेव्हा तुम्ही पुलाजवळ रेनकोटात उभं राहून लाईव्हमध्ये सांगितलंत की कोयनेतून सोडलेलं पाणी इथं पोचायला वेळ लागतो, आत्ता दिसतंय त्याच्या मागून अजून येतंय, त्यात हरिपूरला वारणा येऊन मिळते, तिला पण पूर आहे, त्यामुळं 2005 च्या खुणेवर बसू नका, म्हातारी माणसं आणि जनावरं आधी हलवा. आरडाओरडा नाही, मागं ते धडधड म्युझिक नाही. कुठला रस्ता अजून चालू आहे ते पण सांगितलंत. मामंजींनी टीव्ही बंद केला आणि स्वतः उठून दम्याच्या औषधांची पिशवी भरायला घेतली. आम्ही तासाभरात मिरजेला नणंदेकडं निघालो.

पाणी पुढं 57 फुटांच्या वर गेलं. आमची ती खूण पाण्याखाली गेली ताई. आम्ही घरात थांबलो असतो तर मामंजींना बोटीत कसं घातलं असतं हा विचार आजही अंगावर येतो.

त्याच पुरात ब्रह्मनाळ गावात माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, तेव्हाचं पण सांगायचंय. तुम्ही रडणाऱ्या बायकांच्या तोंडासमोर माईक धरला नाहीत, कॅमेरा लांब ठेवून गावाला काय पाहिजे तेवढंच बोललात. हे इथल्या लोकांनी बघितलंय आणि ते विसरलेले नाहीत.

आणि पाणी ओसरल्यावर बाहेरचे सगळे कॅमेरे निघून गेले, तुम्ही मात्र चिखलातनं फिरत होता. पंचनाम्याला कोण येणार, पासबुक भिजलं असेल तर काय करायचं, अनुदान अडलं तर कुणाला भेटायचं, हे रोजच्या बातम्यांत सांगायचात, आमच्या सासूबाई ते कॅलेंडरच्या मागं लिहून घ्यायच्या. एका ऑफिसात आम्हाला नुसतं उद्या या, उद्या या चाललेलं, तुमच्याकडनं नेमकी कागदं कळली आणि काम झालं. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा तर गल्लीत आधी तुमचं चॅनल लागायचं, मग सामान बांधायला सुरुवात.

तिकडं मोठं काम करा, खूप नाव कमवा. फक्त पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उघडले की तिथल्या डेस्कला सांगत जा, सांगलीचा आकडा लावा म्हणून. तुमच्यासाठी भडंग केलंय, चॅनलच्या ऑफिसात ठेवून जाते, तिखट जरा कमीच घातलंय.