सुध्या, गजाबद्दल लिहायचंय

प्रिय सुध्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधीच "बरं मग?" म्हणतोस आणि माझं सगळं निम्म्यातच राहतं, म्हणून लिहायलोय. आईचे गुडघे आहेत तसेच, बाबा बरे, माझं बीपी गोळीवर. झालं. आता गजाचं ऐक.

सप्त्याला गावाकडं गेलतो. काल्याच्या कीर्तनाला नेहमीसारखा गजाचा भाऊ नामदादा पखवाजावर. सुरुवातीला बरं वाजलं, पण गजर चढला तसा त्याचा डावा हात मधीच एखादी जास्तीची थाप मारायला लागला. पुडीवरल्या कणकेवर पडायचा हात लाकडाच्या कडेवर पडायला लागला. टाळकरी एकमेकांकडं बघायलेत, बुवांनी दोनदा मान वळवली, आणि दादाचं स्वतःचं लक्षच नाही, तो डोळे मिटून तल्लीन. मागं बायकांच्या अंगाला कुणीतरी म्हणलं, "बापावर गेलाय, घेऊन आला असंल." माळकरी माणूस रे सुध्या! ज्या घरात लसूणसुद्धा एकादशीला डब्यात बंद असतो त्या घराला दोन पिढ्या हे ऐकावं लागायलंय. त्यांच्या बापानं, आप्पांनी, उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही आणि गावानं त्यांना दारुडा म्हणूनच जाळलं. दहावीत तूपण म्हणला होतास आणि गजानं तुझा दात पाडला. त्या दाताचा विषय आता सोडून दे, नवा बसला तो पहिल्यापेक्षा सरळ आहे, वहिनीनं तुला पसंत केलं त्यात त्याचा वाटा आहे.

जेवणं झाल्यावर दादानं जवळ येऊन हात हातात घेतला, आणि मला तिथंच कळलं. त्याची पकड एकसारखी राहत नव्हती, घट्ट व्हायची, सैल व्हायची, परत घट्ट. म्हशीचं दूध काढताना हात चालतो तशी. डॉक्टर लोकं पण याला तसंच काहीतरी म्हणतात. नुसता बसला तरी चपलेत पायाचा अंगठा वरखाली चालूच. मी जीभ दाखव म्हणलं तर त्यानं हसत दाखवली आणि लगेच आत गेली, परत काढली, परत आत. बाहेर धरून ठेवताच येत नव्हती त्याला.

मग गजानं मला गोठ्याच्या मागं नेलं आणि मोबाईलवर रिपोर्ट दाखवला. कितीक वर्षं मणका, नस, टेन्शन, "दारू सोडा" असं सगळं ऐकून झाल्यावर कुण्या एका तरुण डॉक्टरनं दादाची जीनची तपासणी करायला लावली होती. रिपोर्ट इंग्रजीत, कुणी समजावून सांगितलेला नाही, गजाला त्यातला एकच आकडा वाचता आला. म्हणला, "बाळ्या, हे 44 म्हणजे काय?"

हंटिंग्टन. सुध्या, मी ज्याच्यावर काम करतो तोच, मेंदूच्या पेशी मारत जाणारा रोग. इतके दिवस माझ्यासाठी तो नळ्यांवरच्या कोडनंबरांत होता, आता तो आपल्या पखवाजवाल्याच्या हातात आहे.

त्याला सांगितलं तेच तुला सांगतो. चार नंबरच्या गुणसूत्रावर एक जीन आहे, त्यात सीएजी ही तीन अक्षरं परत परत लागोपाठ येतात. सगळ्यांच्यातच येतात, तुझ्या-माझ्यात पण, 26 वेळा आली तरी काहीच प्रॉब्लेम नसतो. 40 च्या वर गेली की माणूस पुरेसा जगला तर रोग होतोच. बापाकडून पोराकडं येताना हा आकडा बऱ्याचदा वाढतो. आणि आई किंवा बाप एकाला असला की प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, मुलगा असो का मुलगी. हा जीन 1993 ला सापडला. म्हणजे आप्पा बांधावरून पडले आणि लोकं नको ते बोलायले तेव्हा जगाला हे सगळं माहीत होतं, फक्त आपल्या तालुक्यापर्यंत आलं नव्हतं. याचा मला इतका राग येतो की काय सांगू.

निम्मी शक्यता म्हणल्यावर गजा गप्प झाला. मग शर्टाची बाही वर करून म्हणला, "तुझ्या लॅबला रक्त लागतं ना, घे माझं. दादाचंही घे. कातडं लागलं तर तेबी घे. पण मला खरं सांगायचं."

इथंच अडकलोय मी, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुला वाटंल, मग घे की. थांब, आम्ही नेमकं काय करतो ते आधी बघ. अंगातल्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळे जीन असतात, पण मेंदूची पेशी वेगळे वापरते, कातडीची वेगळे. जो जीन चालू असतो त्याच्या प्रती निघतात, त्यांना आरएनए म्हणतात. आम्ही त्या प्रती मोजतो, कुठल्या जीनच्या किती, निरोग्यात किती आणि रोग्यात किती. त्यावरून पेशीत आधी काय बिघडलं, मागून काय बिघडलं ते हुडकायचं. आता जित्या माणसाचा मेंदू तर काढता येत नाही. मग कातडीचा तांदळाएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या पेशींना मागं नेऊन मूळपेशी करायच्या, ही रीत यामानाका नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं 2006 ला उंदराच्या पेशींवर दाखवली, पुढच्या वर्षी माणसाच्या. त्यापासून डिशमध्ये न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, बनवायचे. अडचण एकच, पेशी मागं नेली की तिचं वयच पुसलं जातं, आणि हा रोग तर चाळिशीत उगवणारा. म्हणून आता काही जण कातडीपासून थेट न्यूरॉन बनवतात, त्यात वय टिकतं.

आणि अशा कामात सगळ्यात मोलाचं सॅम्पल कुणाचं? एकाच घरातले दोन भाऊ, एकाला रोग आहे, एकाला नाही. म्हणजे दादा आणि गजा, गजाला नसला तर. मी ह्याच सॅम्पलची वाट बघत होतो आणि ते गोठ्याच्या मागं बाही वर करून समोर उभं राह्यलं. मनाला ते एका क्षणात सुचलं, आणि तेव्हापासून झोप नीट नाही.

कारण त्याचं रक्त माझ्या टेबलावर आलं की पहिलं काम सीएजी मोजायचं. नियमानं संशोधनातला निकाल घरच्यांना द्यायचा नसतो. म्हणजे मला कळणार आणि त्याला नाही. मग मी त्याच्या अंगणात बसून चहा कसा पिऊ? त्याच्या पोरी माझ्या मांडीवर येऊन बसतात. 18 असला तर आनंद लपवता येणार नाही, 43 असला तर त्याच्याकडं बघता येणार नाही. मला तोंड लपवता येत नाही हे तुझ्याएवढं कुणाला माहीत नाही, बारावीला तुझ्या बापासमोर मी काही न बोलताच तुझं सगळं बाहेर पडलं होतं.

हे कोडं जगात आधी पण पडलंय. नॅन्सी वेक्सलर म्हणून अमेरिकेत बाई आहेत, त्यांच्या आईला हंटिंग्टन होता. व्हेनेझुएलात माराकाइबो तळ्याकाठी काही गावांत हा रोग घरोघर आहे, तिथं त्या वर्षानुवर्षं गेल्या, हजारो लोकांचं रक्त गोळा केलं, त्यातल्या सुरुवातीच्या नमुन्यांच्या मदतीनं 1983 ला जीन कुठल्या गुणसूत्रावर आहे त्याचा ठिकाणा लागला. म्हणजे ज्यांच्यामुळं तपासणी शक्य झाली त्या ह्या बाई, आणि तपासणी तयार झाल्यावर त्यांनी स्वतःची करून घेतली नव्हती. 2020 ला त्यांनी जाहीर केलं की मलाही आहे. गजाला हे सांगितलं तर म्हणला, "तिला न कळून जमलं असंल, मला दोन पोरी आहेत." ह्याला मी काय उत्तर देणार? आणि ते तळ्याकाठचे लोक, त्यांनी नुसतं देऊन टाकलं सगळं, आणि रोग थांबवणारं औषध ना त्यांना मिळालं ना अजून कुणाला. दादाला टेट्राबेनाझिन चालू केलंय, त्यानं हातपाय हलायचं कमी होईल, पण रोग आपला पुढं सरकत राहणार. उलट मन खचू शकतं, म्हणून मी घरच्यांना लक्ष ठेवायला सांगितलंय.

गजाला वाटतं रक्त दिलं की औषध येईल. ते डोळ्यांत दिसतं त्याच्या. मी स्पष्ट सांगितलं, ह्यातून दादाला काही मिळणार नाही, तुलाही कदाचित नाही. तर भडकला. "मग एवढं शिकून तू आमचं केलंस काय?" खरं सांगतो, लागलं मला. पण तो मोठ्यानं बोलला की मला बरंच वाटतं, तो गप्प बसला की भीती वाटते.

आशा नाही असं मी म्हणत नाही बरं का, असती तर ह्या कामात राह्यलोच नसतो. 2000 सालीच उंदरांत दिसलं की तो बिघडलेला जीन बंद केला तर मेंदूच्या पेशींत साठलेल्या प्रथिनाच्या गाठी कमी होतात आणि उंदीर सुधारतात. माणसात एवढं सरळ गेलं नाही, तो जीन दाबणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी 2021 ला थांबवावी लागली. पण 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि ब्रॉड या संस्थांच्या लोकांनी जे छापलं ते वाचून मी रात्री गच्चीवर फिरत होतो. मेल्यावर मेंदू दान केलेल्यांच्या पेशी त्यांनी एकेक करून तपासल्या, सीएजी किती आणि कुठले जीन चालू, दोन्ही एकाच पेशीत. तर रक्तात 44 असला तरी ह्या रोगात मेंदूच्या ज्या भागातल्या पेशी मरतात त्यांच्यात आकडा आयुष्यभर वाढतच जातो. 80 पर्यंत जायला कितीतरी दशकं, मग वेग धरतो, आणि 150 च्या पुढं गेल्यावर पेशीतल्या जीनचं काम बिघडायला लागतं आणि मग ती मरते. तोपर्यंत तिच्या जीनच्या वापरात काहीच फरक दिसत नाही! म्हणजे दादा ज्या वर्षी तालुक्याला पखवाजात पहिला आला त्या वर्षी त्या पेशी चांगल्या होत्या. आणि आज पण सगळ्या पेशी 150 च्या पुढं गेलेल्या नसणार. ही वाढ थांबवता आली तर रोग लागायच्या आधीही आणि लागल्यावरही काहीतरी वाचवता येईल. आता बरेच जण त्याच्याच मागं लागलेत. गजाला हे सांगायचं मी टाळलं, कारण तो ह्यातून फक्त "औषध येणार" एवढंच ऐकंल.

मी ठरवलंय ते असं. ह्या घराचं काहीही माझ्या लॅबमध्ये येणार नाही. गजाला स्वतःचं कळून घ्यायचं असंल तर आधी बंगळूरच्या निम्हान्स या मेंदूच्या दवाखान्यात जायचं, तिथं अनुवंशिक रोगांच्या सल्ल्याची सोय आहे, तपासणीच्या आधी बोलतात, नंतरही बोलतात, आणि मधी कधीही "नको" म्हणता येतं. संशोधनाला द्यायचंच असंल तर ते वेगळं, दुसऱ्या संस्थेला, कोड त्यांच्याकडं. गाईडना सांगितलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "तुझा निर्णय" म्हणले. त्यांचंही नुकसान आहे ह्यात, मला कळतं.

आता तुझं काम. गजा माझं ऐकत नाही, मी त्याला फसवतोय असं वाटायलंय त्याला. तुझं ऐकंल. दात पाडल्यापासून तो तुझ्यापुढं नमतो हे तुला पक्कं माहीत आहे आणि तू त्याचा वीस वर्षं फायदा घेतलायस, त्याच्या विहिरीवरचे पेरू आठव. एकदा माझ्यासाठी घे. त्याला एवढंच पटव की घाई नको, आधी बंगळूरला जाऊन बोलायचं, मग रक्त. आणि दादाच्या पूजाचं वसमतला बघायलेत, मुलाकडच्यांना काय आणि कधी सांगायचं हे आपण ठरवायचं नाही, पूजानं ठरवायचं. ती मोठी आहे, बीएस्सी झालीय, तिला हा रिपोर्ट अजून कुणी दाखवलेलाच नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. तू वहिनीला सांगू नको लगेच, तिचं माहेर वसमतचंच.

तुझं प्रमोशन झाल्याचं बंड्याकडून कळलं, अभिनंदन रे, पार्टी बाकी. चिरंजीवाचा आठवीचा रिझल्ट काय? त्याला गणितावरून मारू नको, तू कितीत पास झालतास ते माझ्याकडं लेखी आहे.

दिवाळीला चार दिवस आधी ये, देवगिरीनं आलास तर परभणीला मी घ्यायला येतो. पाडव्यानंतर तू, मी, गजा आणि यायला तयार असंल तर पूजा, नांदेडहून बंगळूरची गाडी पकडू. तिकिटं आत्ताच काढावी लागतील, चार काढू का तीन ते मला ह्या आठवड्यात कळव.

तुझा,
बाळू