परिचारिकेची नजर आधी घडावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. दरवर्षी १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनानिमित्त, हातात दिवा घेतलेल्या विद्यार्थिनींची छायाचित्रे आपल्यासह बहुतेक वृत्तपत्रांत झळकतात, सेवा, त्याग आणि ममता यांवर दोन-चार ओळी छापल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी विषय मागे पडतो. छायाचित्रांतल्या त्या मुली लवकरच खऱ्याखुऱ्या वॉर्डात उभ्या राहणार असतात, आणि तेथे पहिल्या सकाळी आपण नेमके करायचे काय, याचा उलगडा त्या ओळींतून त्यांना होत नाही. मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि पुढे परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज सिस्टर, म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. शिकाऊ मुलामुलींच्या अनेक तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या. या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्यात, यासाठी हा पत्रप्रपंच.

नव्या मुलींना सर्वांत मोठी धास्ती असते ती आपल्या हातांची. शीर सापडेल का, इंजेक्शन देताना हात थरथरेल का, नाकातून नळी घालताना रुग्ण ओरडला तर काय करायचे, याच विचारात त्यांचे पहिले महिने जातात. त्यांना मी खात्रीने सांगते की हात सरावाने बसतो. दोन-तीन महिने कॅज्युअल्टीत काढल्यावर, तीनदा टोचूनही ज्या रुग्णाची शीर मिळत नाही त्याच्यासाठी डॉक्टर स्वतःच ‘जरा त्या सिस्टरना बोलवा’ म्हणू लागतात. नजर मात्र केवळ काळ लोटला म्हणून आपोआप येत नाही. रुग्णाकडे पाहणे, पाहिलेले मोजणे, मोजलेले लिहिणे आणि लिहिलेले वेळेत बोलून दाखवणे हा परिचर्येचा गाभा आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून जाणीवपूर्वक कमवावा लागतो.

एक अगदी साधे उदाहरण देते. कोणत्याही गर्दीच्या वॉर्डातले टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन यांच्या नोंदींचे तक्ते, चाळून पाहावेत. ताप आणि नाडी यांचे आकडे खाटेगणिक बदललेले दिसतात. श्वसनाच्या रकान्यात मात्र पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत वीस, वीस, अठरा, वीस असा एकसुरी पाढा असतो. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेले यंत्र सांगते, पण साध्या वॉर्डात श्वास मोजायचा तर खाटेशेजारी पूर्ण एक मिनिट उभे राहावे लागते, आणि चाळीस रुग्णांच्या वॉर्डात ते मिनिट सर्वांत आधी वाचवले जाते. वास्तविक रुग्ण खालावू लागला की पुष्कळदा रक्तदाब कोसळण्याच्या कितीतरी आधी श्वासाची गती वाढते. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतो. तो पंचवीसच्या पुढे गेला असेल तर ती बाब इनचार्ज सिस्टर आणि डॉक्टर यांच्या कानावर घालण्याजोगी आहे. मोजताना मनगट हातात धरून नाडी पाहत असल्यासारखे उभे राहावे, कारण आपला श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो.

आमच्या वॉर्डात पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने, ताप नसलेल्या आणि रक्तदाब व्यवस्थित असलेल्या एका वृद्ध रुग्णाचा श्वास चौतीस मोजला. आधीच्या रकान्यात वीस लिहिलेले होते. आपलेच चुकले असेल म्हणून तिने पुन्हा मोजले, पुन्हा जवळपास तेवढाच आकडा आला, आणि मग घाबरत घाबरत का होईना तिने तो मला येऊन सांगितला. आजोबांना न्यूमोनिया झाला होता. उतारवयात न्यूमोनियात कधीकधी तापही येत नाही. त्याच दुपारी त्यांना अतिदक्षता विभागात हलवले गेले आणि पुढे ते पायी घरी गेले. त्या मुलीला तोवर धड सलाईनही लावता येत नव्हते.

हातात दिवा घेतलेल्या ज्या बाईची प्रतिमा आपण दरवर्षी छापतो, त्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रात्री फेऱ्या मारल्या हे सर्वांना ठाऊक असते. परत आल्यावर त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडली, लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक दगावले हे आकृत्यांतून सरकारला दाखवून दिले, आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना आपली पहिली महिला सदस्य करून घेतले, हे मात्र दिव्याच्या समारंभात फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मते विद्यार्थिनींच्या हाती दिव्याबरोबर सेकंदाचा काटा असलेले घड्याळ आणि चांगले चालणारे पेनही द्यावे.

नजरेचा दुसरा भाग त्वचेवर असतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी हे पहिल्याच वर्षी पाठ होते, पण ते का आणि कसे हे प्रत्यक्ष करूनच कळते. माकडहाड, टाचा, कोपरे, खुब्यांची हाडे आणि डोक्याचा मागचा भाग येथे त्वचा आणि हाड यांच्यामध्ये फारसे मांस नसते. तेथे सतत दाब राहिला की रक्तपुरवठा तुटतो आणि आधी नुसती लाली दिसते. बोटाने दाबल्यावर ती लाली फिकी पडत नसेल तर जखमेची ती पहिली पायरी समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून तेथे हाताच्या पाठीने ऊब आणि कडकपणा तपासावा. चादरीची सुरकुती, ओली गादी, कमरेखाली राहून गेलेले सुईचे झाकण, अशा क्षुल्लक गोष्टींतून महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमा होताना मी पाहिल्या आहेत.

या संदर्भात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांचा उल्लेख करावाच लागेल. त्यांची सहकारी अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच तळघरात हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणावरच होती. बेचाळीस वर्षांच्या त्या काळात परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण तिला भरवणे, पुसणे आणि कूस बदलणे चुकले नाही आणि तिला बेडसोअर, म्हणजे दाबाने होणाऱ्या या जखमा, होऊ दिल्या गेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्या शुश्रूषेत कोणतेही महागडे यंत्र नव्हते, आणि तिचे वर्णन केवळ माया म्हणून करणे मला अपुरे वाटते, कारण बेचाळीस वर्षे प्रत्येक पाळीने पुढच्या पाळीला अचूक निरोप दिल्याशिवाय ते घडूच शकत नाही.

आता बोलण्याविषयी. आपल्याकडे मुलींना मोठ्यांसमोर गप्प राहण्याचे वळण घरातूनच लागलेले असते आणि वॉर्डात ते घातक ठरते. डॉक्टरांचे अक्षर लागले नाही, मात्रा नेहमीपेक्षा जास्त वाटली, दोन रुग्णांची नावे सारखी निघाली, तर विचारल्याशिवाय औषध देऊ नये. फोनवर तोंडी सूचना मिळाली तर ती ऐकून लिहून घ्यावी, डॉक्टरांना तशीच वाचून दाखवावी आणि नंतर केसपेपरवर सही घ्यावी. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री परीक्षेपुरती नाही. रुग्णाला ‘तुम्हीच पाटील ना?’ असे न विचारता ‘तुमचे नाव सांगा’ असे विचारावे, कारण गुंगीतला माणूस कशालाही होकार देतो. पोटॅशियम क्लोराईड सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचे असते. सिरिंजने थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडू शकते. अशा औषधांच्या वेळी दुसऱ्या सिस्टरला मोजमाप तपासायला बोलावण्यात कमीपणा मुळीच नाही. सलाईनचा हिशेबही अंदाजाने करू नये. मिलिलिटरला वीस थेंब पाडणाऱ्या सलाईनच्या नळीने (सेटने) पाचशे मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यायची असेल तर मिनिटाला एकवीस थेंब पडले पाहिजेत. हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा, म्हणजे तो आयुष्यभर विसरत नाही.

वॉर्डात लागताच पहिल्या आठवड्यात वॉर्ड पाठ करावा. इमर्जन्सी ट्रे कोठे, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर कोठे आणि त्याची किल्ली कोणत्या खिळ्याला, घशातला कफ ओढून काढणारे सक्शन यंत्र चालते की नुसते उभे आहे, मागचा दरवाजा कोठे उघडतो, हे अंधारातही सांगता आले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातील २० गर्भवतींना मजल्याच्या टोकाला असलेल्या पॅन्ट्रीत सुरक्षित हलवले. त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले ते रास्तच आहे. पण लपण्याची जागा त्या क्षणी सुचली ती त्यांना आपला वॉर्ड कोपरान्‌कोपरा माहीत होता म्हणून, असे मला वाटते.

रुग्णाशी आणि नातेवाइकांशी कसे वागावे यावर भाषणे पुष्कळ होतात, म्हणून थोडक्यात सांगते. खाटेचा नंबर घेऊन कोणाला हाक मारू नये. आजी, मामा, दादा यांतले जे तोंडी येईल ते चालेल, मात्र सही घेताना पूर्ण नाव घ्यावे. स्पंज करण्यापूर्वी, म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसण्यापूर्वी, पडदा ओढावा. नातेवाईक चिडतात ते बहुधा कोणी काही सांगत नाही म्हणून. ‘डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, बाहेर आल्यावर मी त्यांना तुमचे सांगते’ एवढे वाक्य वेळेवर म्हटले आणि खरोखर पाळले, तर निम्मे वाद होत नाहीत.

दुसऱ्याची काळजी घेताना स्वतःची हेळसांड करू नये. प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण करावेत. वापरलेल्या सुईवर झाकण पुन्हा बसवू नये, ती थेट पांढऱ्या पंक्चर-प्रूफ डब्यात जावी. तरीही सुई टोचलीच तर बोट दाबत किंवा चोखत बसू नये. साबण-पाण्याने धुवावे आणि लगेच कळवावे, कारण एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. रागावतील म्हणून सुई टोचल्याचे लपवणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात, याचे मला वाईट वाटते. रुग्णालयातील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्या समितीवर कोण आहे हे विचारून घ्यावे.

पगाराविषयी बोलणे म्हणजे सेवाभाव कमी असणे, हा समज खासगी रुग्णालयांना सोयीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तरीही मुलाखतीला जाताना हा आकडा ठाऊक असावा. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या रुग्णालयात तर नोकरी धरूच नये.

शिक्षणाचा मार्ग निवडणाऱ्या पालकांसाठी एवढेच सांगते की एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचे, जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिशास्त्र पदविका) तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते. प्रवेशापूर्वी संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, आणि पदवीसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मान्यता आहे ना, हे स्वतः तपासावे. संस्थेची इमारत पाहून भुलण्यापेक्षा मुलांना प्रत्यक्ष शिक्षणासाठी कोणत्या रुग्णालयात पाठवणार ते विचारावे आणि तेथे जाऊन खाटा भरलेल्या आहेत का, ते पाहून यावे. रिकाम्या वॉर्डात नजर घडत नाही. मुलग्यांनाही या व्यवसायात यायला संकोच वाटू नये. पुरुष वॉर्डात चांगल्या ब्रदरची, म्हणजे पुरुष परिचारकाची, वाट पाहणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

शेवटची विनंती माझ्याच पिढीतील आणि सध्या इनचार्ज असलेल्या भगिनींना आहे. नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात एकटीला नाईट देऊ नये. मनुष्यबळ कमी आहे हे मान्य, पण निदान शेजारच्या वॉर्डातील अनुभवी सिस्टरचे नाव तिला सांगून ठेवावे. पाळी बदलताना टेबलावर बसून रजिस्टर वाचून दाखवण्याऐवजी तिला बरोबर घेऊन खाटेखाटेवरून निरोप द्यावा. तिने शंका विचारली आणि ती चुकीची निघाली, तरी रुग्णासमोर तिच्यावर ओरडू नये, कारण एकदा अपमान झालेली मुलगी पुढच्या वेळी चौतीस मोजेल आणि वीस लिहील.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, सातारा