चिंचोके पाठव

सांगली,
१४ डिसेंबर

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. ‘पोरं दिवसभर खेळतात आणि पगार तुला मिळतो’ हे वाक्य मी डबा खाताना बाकीच्या बायांना वाचून दाखवलं. खेळतात हे खरं, पगाराची मात्र अफवा आहे, यावर एकमत झालं. पण तुझ्या लेकीला जूनमध्ये बालवाडीत घालायचंय आणि ‘तिथे करतात तरी काय’ हे तू मनापासून विचारलंयस, म्हणून सविस्तर लिहिते.

साडेनऊला फाटक उघडतं. पहिली पंधरा मिनिटं चपलांची. ओट्याच्या कडेला रंगाने पावलांच्या जोड्या काढल्यात, त्यांवर ज्याने त्याने आपल्या चपला ठेवायच्या. मग गोल करून बसायचं, दोन बडबडगीतं, आज कोण आलं नाही याची चौकशी. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं ही बातमीही इथेच फुटते. मग सव्वा तास मोकळा. साडेअकराला डबा, नंतर गोष्ट, साडेबाराला घर.

रोज हाच क्रम. पहिल्या वर्षी मला वाटायचं, पोरं कंटाळतील. गणपतीच्या गडबडीत एकदा आम्ही गोष्ट डब्याआधी उरकली. गोष्ट संपली तशी तिघं जणं पिशव्या काखोटीला मारून दारात उभी, आणि आई का आली नाही म्हणून भोकाड! तीन वर्षांच्या पोराला घड्याळ कळत नाही गं. गोष्टीनंतर आई येते, हे कळतं. तेवढं पक्कं असलं की मधल्या वेळात ते बिनघोर हुंदडतं.

त्या सव्वा तासात जो तो आपल्याला हवं ते घेतो. बुटक्या फळीवर सगळं हाताशी असतं: पाणी ओतायचे दोन तांबे, बटणांच्या चौकटी, पॉलिश पेपरची अक्षरं, दट्ट्यांच्या पेट्या. एका लाकडी ठोकळ्यात दहा खळगे, त्यांत बसणारे लहानमोठे दहा दट्टे. चुकीचा दट्टा बसतच नाही, किंवा शेवटी एक उरतो. म्हणजे ‘चुकलास’ म्हणायला बाई लागत नाही. ही पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह उघडलं, तिथली एक चिमुरडी म्हणे हेच दट्टे चाळीसहून जास्त वेळा काढघाल करत बसली होती. भोवती पोरं गात होती, तिचं लक्ष हललं नाही. मला हे वाचून खोटं वाटायचं. आता वाटत नाही.

सध्या मात्र सगळ्यांची उडी मटार सोलण्यावर. निम्मे वाटीत, निम्मे पोटात.

माझी फजिती सांगते. एक साडेतीन वर्षांचा गडी आहे, फारसा बोलत नाही. गेल्या आठवड्यात त्याने चिंचोक्यांचा डबा घेतला आणि फरशीच्या फटीवरून एकेक चिंचोका मांडत निघाला. खोलीच्या मधोमध पोचला, उंबऱ्याकडे वळला. जीभ दातांत धरलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘अरे वा, शाब्बास! किती झाले, मोज बघू?’ त्याने माझ्याकडे पाहिलं, सगळे चिंचोके ओंजळीने डब्यात भरले, डबा जागेवर ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. रागावलेला नव्हता. त्याचं काम मी माझं करून टाकलं, एवढंच. सतरा वर्षं हे काम करतेय, अजून तोंड आवरत नाही.

गेल्या थंडीत आम्ही पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गेलो होतो. घोलवडला उतरायचं, चिकूच्या वाड्यांमधून टेकडीवर जायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली जवळच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली. पोरं तिथवर येईनात. कुणाच्या कडेवर भावंड, कुणाच्या मागे गुरं. तेव्हा या बायाच वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला; सरकारी योजना १९७५ची. पुढे कोसबाडला गुराख्यांसाठी कुरणशाळाही निघाली. साहित्य म्हणशील तर शिंपले, पानं, बिया, खडे. आमच्या त्या डब्यातले चिंचोकेही याच वाटेने आलेत असं मी मानते.

हे सगळं पालकांना पटतंच असं नाही. दिवाळीनंतर एका आईने मुलीचं नाव काढलं, कारण वहीत काही लिहिलेलं दिसत नाही. दुसरीकडे रोज पानभर ‘अ’ गिरवायला देतात म्हणे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांपर्यंत खेळातून शिकवा असं लिहिलंय, पण वही दिसते आणि धोरण दिसत नाही. तू शाळा बघायला जाशील तेव्हा भिंतीवरचे तक्ते बघू नकोस. फळी मुलाच्या हाताला लागते का बघ. आणि पाणी सांडलं की बाई ओरडते, स्वतः पुसते, की फडकं कुठे आहे ते दाखवते, एवढं बघ.

तो गडी चार दिवस डब्याकडे फिरकला नाही. आज आला. मी शेजारीच शेंगा सोलत बसले होते, मान वर केली नाही. रांग खोलीतून निघाली, उंबरा ओलांडून ओट्यावर गेली, चपलांपाशी पोचली आणि चिंचोके संपले. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि रिकामा डबा पुढे करून म्हणाला, ‘अजून.’

तुझ्या सासरच्या परसात चिंच आहे ना? किलोभर पाठव. धुऊन, वाळवून.

तुझीच,
बालवाडीतली बाई