माऊसला हात न लावणाऱ्या काकांना

काका,

रात्रीचे दोन वाजून गेलेत. तुमच्या खिडकीत अंधार आहे, तुम्ही साडेनऊलाच झोपता. आणि मला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय की आपल्या खेळातला शेवटचा शत्रू, तो सारेव्होक, मेला. सातव्या खेपेला मेला. आपली गल्ली इतकी अरुंद की गॅलरीतून हाक मारली तर तुम्ही उठाल, पण मग अर्धा दांडिया बाजार उठेल आणि आई विचारेल, कोण गेलं? म्हणून लिहायला बसले.

चारचौघांत लिहितेय, त्याचंही कारण आहे. समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, हिने लीलो चिवडा आणलाय, घेऊन जा" म्हणता आणि विषय संपतो. नाव घालू नकोस, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. तेवढं पाळते.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं. मी बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका कारखान्याचे हिशेब बघते, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटरवरचा खेळ आला तेव्हापासून माझ्या रविवारांचं काही खरं राहिलेलं नाही. तो एकदा संपवला, दुसऱ्यांदा संपवला, मग वाटलं, तिसरा भाग इतका छान, तर ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं तो पहिला कसा असेल? १९९८ सालचा, बायोवेअरने केलेला. मी तेव्हा बालवाडीत होते. त्याची डागडुजी केलेली आवृत्ती २०१२ मध्ये निघाली, ती सेलमध्ये स्वस्तात मिळाली. दिवाळीची सुट्टी, फराळाचा डबा शेजारी. म्हटलं, जुना खेळ आहे, दोन दिवसांत उरकून टाकू.

पहिल्या दिवशी मला एकाच लांडग्याने अकरा वेळा खाल्लं.

मी मांत्रिक घेतली होती. तिसऱ्या भागात मांत्रिक म्हणजे काय तोरा! इथे पहिल्या लेव्हलला तिचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, चार. मंत्र एक. तो वापरला की आठ तास झोपायचं, आणि झोपेत कुणी येऊन मारलं नाही तर उठून पुन्हा तोच एक मंत्र. साथीदार मेले तर देवळात नेऊन पैसे मोजून उठवता येतात. आपण स्वतः मेलो की संपलं, पडद्यावर एका हाताचा चुरा होताना दिसतो आणि मागच्या सेव्हवर, म्हणजे शेवटी खेळ साठवला तिथे, परत. तिसऱ्या भागात फासा डोळ्यांसमोर गडगडतो, किती पडले ते दिसतं. इथे फासे आतल्या आत पडतात आणि खाली बारीक अक्षरांत येतं की वार चुकला. पुन्हा चुकला. पुन्हा चुकला. कुठे जायचं ते दाखवणारी खूण नाही, नकाशाचा बहुतेक भाग काळाकुट्ट, आणि लोक वहीत काहीतरी मोघम लिहून देतात.

मदत मागितली नाही असं नाही. ज्यांना विचारलं त्यांची यादी नावासकट माझ्याकडे आहे, पण सोडून देते. मामेभाऊ आला, "इकडे दे" म्हणाला, माऊस ओढून घेतला, चाळीस मिनिटं स्वतः खेळला, लांडगा मारला आणि "बघ, सोप्पं आहे" म्हणून चकल्या खाऊन गेला. मला काय कळलं? की त्याला चकल्या आवडतात. सयाजीगंजला जी मुलं रात्ररात्र खेळत बसतात त्यांनी सांगितलं, "दीदी, स्टोरी मोड लावा ना, त्यात कुणी मरतच नाही." हे ज्या सुरात म्हणाले तो सूर बायकांना पार्किंगमधून गाडी काढताना ऐकू येतो. स्टोरी मोड वाईट आहे असं मी म्हणत नाही. कुणाला फक्त गोष्ट हवी असेल तर खुशाल लावावा. मी तो मागितला नव्हता.

आणि ते दुकान. खेळात माझ्या माणसाची तलवार लढता लढता मोडली. दोनदा. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. कीबोर्ड बदलायला गेले तेव्हा तिथल्या 'गेमिंग एक्स्पर्ट'ला लॅपटॉप दाखवला. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बेन, गेम करप्ट थई गई छे." तीनशे रुपये घेऊन सगळं काढून परत टाकून दिलं. माझे सगळे सेव्ह त्यात गेले. तलवारी नंतरही मोडायच्या त्या मोडतच राहिल्या.

त्याच संध्याकाळी मी गॅलरीचं दार उघडं टाकून, रडवेली होऊन, पुन्हा कँडलकीपपासून, म्हणजे खेळातल्या अगदी पहिल्या ठिकाणापासून, सुरुवात केली होती. स्पीकरवर इमोएनची, खेळातल्या माझ्या साथीदार पोरीची, ती चिवचिवणारी हाक आली. आणि समोरच्या गॅलरीत पंचा वाळत घालता घालता तुम्ही थांबलात. मला वाटलं, आवाज मोठा झाला म्हणून बोलणार. तुम्ही म्हणालात, "अगं, ती इमोएन ना?"

लहानपणापासून तुम्हाला बघतेय. सकाळी दुधाची पिशवी, संध्याकाळी सुरसागरची फेरी. तुम्ही २००० साली घरात पहिला कॉम्प्युटर घेतलात, पाच सीड्यांचा हा खेळ आणलात आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाताना मशीन "आता अमुक नंबरची सीडी घाला" म्हणायचं तेव्हा उठून सीडी बदलत बसायचात, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. काकू परवा म्हणाल्या, "मला वाटायचं हे ऑफिसचं काम घरी आणतात."

तुम्ही आलात. आपला बिनसाखरेचा चहा आपल्याच स्टीलच्या पेल्यात घेऊन आलात, मी खुर्ची दिली ती नको म्हणून प्लास्टिकच्या स्टुलावर बसलात, आणि पेला दोन्ही हातांत धरलात.

पहिली गोष्ट विचारलीत ती थॅको, वार लागतो की नाही हे ठरवणारा आकडा. मी म्हटलं, हे काय असतं तेच कळत नाही, चांगलं चिलखत घातलं तर आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, कमी होतो, असं कुठे असतं का? तिसऱ्या भागात वाढतो. तुम्ही म्हणालात, "शाळेत नंबर कितवा आला की आई खूश व्हायची?" पहिला. "मग? नंबर जितका लहान तितकं बरं." मग हिशेब: माझा थॅको १९, समोरच्याचा आर्मर क्लास ५, वजा केले की १४, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर चौदा किंवा जास्त पडायला हवेत. दिवसभर वजाबाक्या करणाऱ्या बाईला एवढं आठ दिवस कुणी सांगितलं नव्हतं. इथे मी पहिल्यांदा हसले.

मग आम्ही, म्हणजे मी, फ्रेंडली आर्म सराईपर्यंत पोहोचलो. ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना त्या पायऱ्या माहीत आहेत. वर एक माणूस उभा असतो, गोड बोलत जवळ येतो, मग स्वतःची चार-पाच प्रतिबिंबं काढतो, भीतीचा मंत्र टाकतो आणि आपली माणसं सैरावैरा पळत सुटतात. मी मेले. पुन्हा मेले. तिसऱ्यांदा मेले तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं, आता तुम्ही "इकडे दे" म्हणणार म्हणून. खरं सांगते, मी माऊसवरचा हात अर्धा उचललाही होता.

तुम्ही विचारलंत, "या वेळी नवीन काय दिसलं?"

मी म्हटलं, मंत्र म्हणायला त्याला वेळ लागतो.

"मग तेवढ्यात काय होऊ शकतं?"

मी स्पेस बार दाबून खेळ थांबवला आणि बघत बसले. बराच वेळ. नळाला पाणी आलं, आईने बादली लावली, बादली भरली. मी भलत्याच ठिकाणी क्लिक करत होते आणि तुम्हाला ते दिसत होतं. आणि तेव्हा मी तिरक्या नजरेने बघितलं: तुमचा उजवा हात पेल्यावरून सुटला, टेबलाच्या कडेपर्यंत आला, आणि परत जाऊन पेल्याला चिकटला. चहा तर कधीच संपला होता. तो रिकामा पेला तुम्ही दीड तास दोन्ही हातांनी धरून बसला होतात, कारण तो सोडला असता तर हात माऊसकडे गेला असता. तुम्ही हे कधी कबूल करणार नाही. पण मी बघितलंय.

शेवटी एवढंच म्हणालात, "इमोएनच्या सामानात काय आहे, उघडून बघितलंस कधी?"

नव्हतं बघितलं. तिच्याकडे पहिल्यापासून जादूच्या बाणांची कांडी होती! तीन तास माझ्याबरोबर चालत होती ती पोरगी, कांडी घेऊन, आणि मी तिला धनुष्याने लांडगे मारायला लावत होते. मंत्र पुटपुटत असताना घाव बसला की मंत्र मोडतो, हे मला कुणी सांगितलं नाही. मला सापडलं. पायऱ्यांवरचा माणूस पडला तेव्हा मी ओरडले आणि तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

तलवारींचंही तसंच. तुम्हाला दुकानाचं सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मग म्हणालात, "सराईमधले लोक काय बोलतायत ते ऐक." ऐकलं. ज्याच्या त्याच्या तोंडी लोखंड. खाणीतून येणारं लोखंड कसलं तरी ठिसूळ येतंय, हत्यारं मोडतायत, आणि ती खाण नॅशकेलला आहे. बिघाड खेळात नव्हताच, बिघाड हीच गोष्ट होती आणि माझी मोडलेली तलवार त्या गोष्टीचं पहिलं पान. तीनशे रुपये देऊन मी ते दुरुस्त करून आणलं होतं.

नवीन खेळ मला आवडतात, उगाच जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. या खेळात चालता चालता माणसं एकमेकांत अडकतात, दारात सहा जणांची झटापट होते, सामानाची आवराआवर करण्यात आयुष्य जातं. आणि मिन्स्क नावाचा साथीदार आपल्या उंदराशी सल्लामसलत करतो ते पहिल्या दहा वेळाच गमतीचं वाटतं. (उंदीर नव्हे, हॅमस्टर. तुम्ही दुरुस्त केलं असतंत म्हणून मीच करते.) पण तिसऱ्या भागात मी जे बघितलं ते मला दाखवलेलं होतं. इथलं सगळं माझं मी धडपडत शोधलं, आणि ते तसं शोधू देणारा माणूस शेजारी होता.

आजी पुरणपोळी शिकवायची तेव्हा दुसऱ्या पोळीला लाटणं काढून घ्यायची. बाबांनी स्कूटर शिकवली ती मागून हँडल धरून. ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा शिकवायला आलेल्या माणसाने सगळ्या क्लिक स्वतःच केल्या आणि "समजलं ना?" विचारून गेला. सगळे प्रेमळ, सगळे घाईत. कुणाचाच राग नाही, दुकानवाला सोडून. पण समोरचा चुकतोय हे दिसत असताना गप्प बसणं, आणि गप्प बसूनही उठून न जाणं, हे मी तुमच्यात बघितलं. गल्लीत दुसरं कुणी तसं असेल तर त्याने अजून पेला घेऊन माझ्याकडे यायचंय.

तर आजची हकिकत. शहराखालचं ते देऊळ, जमिनीवर सगळीकडे सापळे. इमोएनला पुढे काढून एकेक सापळा शोधत, निकामी करत गेले, पाच वेळा तरीही वाट लागली. सहाव्या वेळी सारेव्होकच्या शेजारचा मांत्रिक आधी मारायला हवा हे कळलं. सातव्या वेळी झालं. दर वेळी मेले की मोठ्याने स्वतःलाच विचारत होते, या वेळी नवीन काय दिसलं? आई दोनदा येऊन बघून गेली, कुणाशी बोलतेय म्हणून.

दुसऱ्या भागाच्या चार सीड्या माळ्यावर आहेत म्हणालात. रविवारी काढू, शिडी मी धरते. आणि तुमचा तो स्टीलचा पेला गुरुवारपासून माझ्या टेबलावरच आहे. काकू शोधत असतील तर माझं नाव सांगा.

समोरची