माझ्या दुकानातली गर्दी कमी व्हायला हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी बार्शी तालुक्यात सेवा केंद्र चालवतो, सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, सगळं. त्यामुळं पुढं जे लिहितोय, की मोबाइल-कॉम्प्युटर आत कसं चालतं हे सगळ्यांना शिकवा, ते आपल्याच धंद्याच्या मुळावर येणार असं बायको म्हणाली, पण असू दे.

मागच्या खरिपात एक काका आले, ई-पीक पाहणी, म्हणजे सात-बाऱ्यावरची पिकाची नोंद, भरून दे म्हणाले. २०२१ पासून हे ॲपवर आहे, शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. काका म्हणे इथं बसूनच भर की, सोयाबीनचा फोटो आहे माझ्याकडं. म्हटलं ॲप घेत नाही काका, शेतात जावं लागतं. तर म्हणाले, "त्याला काय कळतंय मी कुठं बसलोय ते?" खरं सांगू का, मला फार बरं वाटलं, कारण दिवसभर माणसं येतात जातात पण असं कुणी विचारतच नाही. मग पावतीच्या मागं पेनानं काढून दाखवलं, वर उपग्रह फिरतायत, प्रत्येकाचा सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो, असे चार मिळाले की जागा कळते. काका चौथी शिकलेले, पाच मिनिटांत समजलं त्यांना. जाता जाता म्हणाले, मग मोठ्या झाडाखाली उभं राहिलं की गडबडत असणार ते!

आता बघा, एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स २००१ पासून आहे, मी पण केलाय आणि त्याच्याच जीवावर दुकान उघडलं, त्यामुळं नावं ठेवत नाही. २०१७ ला केंद्र सरकारनं खेड्यातल्या ६ कोटी घरांत एकेक माणूस शिकवायची योजना काढली, २० तासांचा कोर्स, सुरुवात म्हणून ठीकच. पण आपण बहुतेक जण सर्टिफिकेटसाठी शिकलो, कुठलं बटण दाबायचं ते पाठ झालं आणि स्क्रीन बदलली की परत शून्य. दुकानात येणाऱ्या मावश्या मी मागायच्या आत ओटीपी वाचून दाखवतात, "घे बाबा, आला तुझा नंबर". माझा नाही हो मावशी, तुमचा! पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो, एवढं एक वाक्य माहीत नसल्यानं लोक बुडतात आणि मग सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन करायला पण माझ्याकडंच येतात.

शिकलेल्यांचं पण तेच. एक क्लार्क पेनड्राइव्ह घेऊन आले, व्हायरसनं मराठीचं इंग्रजी केलं म्हणाले. व्हायरस कसला, जुना फॉन्ट होता, त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर नुसता मराठी आकार चढवलेला, तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी दिसते. युनिकोड या आताच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा आहे, 'अ' चा २३०९. हे ऐकून ते माझ्याकडं असे बघायला लागले की मी काही जादूच केली.

पोरांचं म्हणाल तर २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं, आणि कोडिंग म्हटलं की आईबापांना आधी लॅपटॉप दिसतो आणि मग महागडा क्लास. अहो लागत नाही काही! एसीएम इंडिया या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेनं २०१६ ला सीएसपाठशाळा हा उपक्रम सुरू केला, त्यात खेळ आणि कोड्यांतून शिकवतात, कॉम्प्युटर नसला तरी चालतं. मी पण रविवारी मारुतीच्या देवळात पोरं बसवतो. एकानं १ ते १०० मधला आकडा मनात धरायचा, बाकीच्यांनी हो-नाही असे प्रश्न विचारायचे. आधी हा का, तो का करत बसतात, मग अर्धं अर्धं तोडायला लागली की ७ प्रश्नांत सापडतो. म्हटलं १००० पर्यंत घेतला तर? सगळी ओरडली, ७०! लागतात १०. एका पोरीला पटेना, तिनं वहीत ५००, २५०, १२५ करत उतरत जाऊन मोजलं तेव्हा गप्प बसली. तिची आई अंगणवाडीत आहे, ती मागं उभी राहून ऐकत होती, तिनं विचारलं मतदार यादीत नाव असं का सापडत नाही. यादी घरांच्या क्रमानं असते, नावाच्या नाही, म्हणून. हा प्रश्न मला स्वतःला आजवर सुचला नव्हता.

तर मागणी एवढीच की झेडपीच्या शाळेत आठवड्याला असा एक तास ठेवा आणि संध्याकाळी तीच खोली मोठ्यांना उघडून द्या. कॉम्प्युटर येतील तेव्हा येतील, तोवर पत्त्यांचा एक कॅट आणि खडू पुरतो, शिकवायला मी येतो, रविवार सोडून.

आपला,
एक सेवा केंद्र चालक, ता. बार्शी, जि. सोलापूर