एसटीपीचा ब्लोअर रात्री बंद ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली गृहनिर्माण संस्था,
विश्रामबाग, सांगली

सप्रेम नमस्कार.

लाइट बिल वाचवायला एसटीपीचा (आपल्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) ब्लोअर, म्हणजे टँकमध्ये हवा सोडणारा पंखा, रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा, असं मागच्या मीटिंगमध्ये ठरलं तेव्हा मी गप्प बसले. चूक माझीच. आता तीन आठवडे वासामुळे बी विंगच्या मागच्या खिडक्या कोणी उघडत नाही, म्हणून लिहितेय.

मंगळवारी सकाळी वॉचमनकाकांना घेऊन मी एअरेशन टँकपाशी, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीपाशी गेले. काठीला आंघोळीचा मग बांधून पाणी काढलं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलं आणि अर्धा तास कठड्यावर ठेवलं. टँक ठणठणीत असला तर पाणी चॉकलेटी दिसतं, ओल्या मातीसारखा वास येतो आणि अर्ध्या तासात गाळ खाली बसून वर ताकासारखी निवळ येते. आपलं पाणी वरपासून बुडापर्यंत काळंच राहिलं. वास कुजक्या अंड्यांचा. बरणी तिथेच टाकून आले.

घाण खाणारे जिवाणू हवेवर जगतात आणि ती हवा ब्लोअर पुरवतो. आठ तास ती तोडली की ते गुदमरतात, बिनहवेचे जिवाणू जोर धरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तोच हा वास. त्यात सकाळी सहा ते नऊ सगळ्यांच्या आंघोळी. रात्रभर ज्यांचा श्वास कोंडला, त्यांच्यापुढे उजाडता उजाडता पंगत वाढायची!

आपण ४८ फ्लॅट, साधारण २०० माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं म्हटलं, तर दिवसाला २१ हजार लिटरच्या वर जातं. नीट शुद्ध झालं तर बाग आणि फ्लश दोन्ही त्यावर भागेल. सध्या ते मागच्या नाल्यातून कृष्णेकडे जातंय. शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याच्या नावाने आपण वर्षानुवर्षं बोटं मोडतो, ती आता कुठल्या तोंडाने मोडायची?

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, समुद्राजवळ. परसात एका अंगाला शोषखड्डा, दुसऱ्या अंगाला विहीर. जांभ्यातून पाणी झिरपतं, पावसाळ्यात विहीर काठापर्यंत येते. आई उकळल्याशिवाय घोटभर पिऊ द्यायची नाही. त्या वाडीत एसटीपी कुठून असणार? इथे लाखो रुपये मोजून बसवलाय आणि आपण त्याला झोपवून ठेवलंय.

ब्लोअर आजपासून चोवीस तास चालू करा. टँक सुधारला की रात्रीपुरता टायमर लावून अर्धा तास चालू, अर्धा तास बंद अशी पाळी लावून बघता येईल. पण आधी विरजण हवं: चांगल्या चालणाऱ्या एखाद्या एसटीपीतून टँकरभर ताजा गाळ आणून टाकावा लागेल. नुसती हवा सोडून मेलेला टँक लवकर उठत नाही.

आणखी एक, आणि हे मला वासापेक्षा गंभीर वाटतं. गुरुवारी ठेकेदाराचा पोरगा नुसत्या दोरीवर कलेक्शन टँकमध्ये (सांडपाणी आधी जमा होतं त्या टाकीत) उतरत होता. मी ओरडून थांबवलं. आत साठलेल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. गटारात, सेप्टिक टँकमध्ये असं विनासाधन उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ठेकेदाराला तसं लेखी कळवा, प्रत नोटीस बोर्डावर लावा.

रविवारी ११ वाजता कमिटीने टँकपाशी यावं. दुसरी बरणी मी आणते.

आपली,
बी विंगमधील एक सभासद